ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि डेव्हलपर: कुठला रोल कशात धुवायचा, आणि का

फिल्म कॅमेरे परत लोकांच्या गळ्यात दिसायला लागलेत आणि त्यांच्यासोबत एक प्रश्न सारखा कानावर येतो, की रोल तर घेतला, पण धुवायचा कशात? रंगीत निगेटिव्ह फिल्मला हा प्रश्नच पडत नाही, तिथे सी-४१ ही एकच ठरलेली पद्धत आहे, ३८ अंशांच्या आसपास पाणी आणि सव्वातीन मिनिटं, विषय संपला. ब्लॅक अँड व्हाइटला मात्र एकाच रोलसाठी डझनभर डेव्हलपर (म्हणजे फिल्मवरचा फोटो उमटवणारं द्रावण), प्रत्येकाची वेगळी डायल्यूशन (त्यात पाणी किती मिसळायचं ते प्रमाण), प्रत्येकाचा वेगळा टाइम, आणि प्रत्येकाचे कट्टर चाहते. डी-७६, आयडी-११, एचसी-११०, एक्सटॉल, रोडिनाल, डीडी-एक्स, परसेप्टॉल, नावं वाचूनच माणूस म्हणतो नको ते घरी धुणं, लॅबला देऊन टाकू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटोचं रूप मुख्यतः उजेड, एक्सपोजर (फिल्मवर किती उजेड पडू दिला ते) आणि फिल्म ठरवतात, डेव्हलपर त्यात थोडं इकडचं तिकडे करतो आणि जे देतो त्याची किंमत दुसरीकडून वसूल करतो. हा सौदा एकदा कळला की त्या डझनभर बाटल्या बघून घाबरायला होत नाही.

फिल्मवर नेमकं होतं काय

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण. शटर उघडलं, उजेड पडला, की ज्या कणांवर पुरेसा उजेड पोचला त्यांच्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. मोजक्या म्हणजे खरंच मोजक्या, चार-पाच अणू पुरतात. हा ठिपका डोळ्यांना दिसत नाही, फिल्म त्या वेळी अंधारात काढून बघता आली तरी तुम्हाला काहीही दिसणार नाही, पण फोटो तिथे आहे.

डेव्हलपरचं काम एवढंच, की ज्या कणावर असा ठिपका आहे तो अख्खा कण काळ्या चांदीत बदलायचा आणि ज्याच्यावर नाही त्याला हात लावायचा नाही. मग स्टॉप बाथने ती क्रिया थांबते, फिक्सर उरलेले क्षार विरघळवून टाकतो, आणि हातात निगेटिव्ह येते. उजेड जास्त तिथे चांदी जास्त, म्हणजे काळं. सावली होती तिथे जवळपास कोरी पट्टी.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सावलीतल्या भागात काळे होऊ शकणारे कण थोडेच असतात आणि त्यांचं काम लवकर आटोपतं. उजळ भागात कणांची गर्दी असते, तिथे काळेपणा शेवटच्या मिनिटापर्यंत वाढतच राहतो. म्हणजे टँकमध्ये (ज्या बंद डब्यात फिल्म धुतात त्यात) वेळ वाढवली तर आकाश, पांढरा शर्ट, खिडकी हे आणखी घट्ट होत जातं, सावली फार हलत नाही. "सावलीसाठी एक्सपोज करा, हायलाइटसाठी डेव्हलप करा" हे जुने फोटोग्राफर सांगतात ते यामुळेच. सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते जगातला कुठलाही डेव्हलपर नंतर आणून देत नाही.

बाटलीत असतं काय

बहुतेक डेव्हलपरमध्ये चार प्रकारची माणसं कामाला असतात असं समजा. एक मुख्य काम करणारं रसायन, म्हणजे मेटॉल, हायड्रोक्विनोन, फेनिडोन, नाहीतर क जीवनसत्त्वाच्या जातीतलं काहीतरी. दुसरा अल्कली, तो कामाला वेग देतो. तिसरं सोडियम सल्फाइट, ते हवेपासून वाचवतं. चौथं असलंच तर पोटॅशियम ब्रोमाइड, ते उजेड न लागलेल्या कणांना उगाच काळं होऊ देत नाही.

डी-७६ घ्या, कोडॅकचा १९२० च्या दशकातला, मुळात सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेला आणि आजही मापदंड म्हणून धरला जातो. एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. इलफर्डचा आयडी-११ व्यवहारात तोच धरून चाला. आता नुसतं हवेपासून वाचवायला १०० ग्रॅम कशाला लागतं? इतक्या प्रमाणात सल्फाइट दुसरंच एक काम करतं, ते कणांच्या कडा हळूहळू विरघळवतं, त्यामुळे ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, मऊ आणि बारीक दिसतो. पण कडा विरघळल्या की फोटोतल्या कडाही थोड्या मऊ पडणारच.

तोच डी-७६ पाण्यात समसमान मिसळला, ज्याला १+१ म्हणतात, की सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येतं, १+३ केला की २५ वर. विरघळवण्याचं काम मंदावतं, ग्रेन किंचित उठून दिसतो, कडा धारदार होतात. बाटली एकच, पावडर एकच, फक्त पाणी वाढवलं आणि स्वभाव बदलला. नवीन डेव्हलपर विकत घेण्याआधी हातातल्याचं डायल्यूशन बदलून बघा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी.

दुसऱ्या टोकाला रोडिनाल. १८९१ साली आग्फाने काढलेला, पॅरा-अमिनोफिनॉलवर चालणारा, आणि १३० वर्षं उलटून गेली तरी वेगवेगळ्या नावांनी आजही बाजारात आहे. हा १+२५, १+५०, काही लोक तर १+१०० करून वापरतात, म्हणजे टँकमध्ये सल्फाइट नावापुरतंच उरतं. विरघळवणं जवळपास नाहीच. ग्रेन जसा आहे तसा समोर, कडा कडक.

तिघांना एकच पांघरूण

डेव्हलपरकडून लोकांना तीन गोष्टी हव्या असतात. स्पीड, म्हणजे सावलीतला तपशील कमी उजेडातही यावा. बारीक ग्रेन. आणि शार्पनेस. अडचण अशी की हे एकाच अपुऱ्या पांघरुणात झोपलेले तिघं आहेत, एकाने ओढलं की दुसरा उघडा पडतो.

परसेप्टॉल ग्रेन अगदी बारीक करतो पण स्पीड खातो, डबीवर ४०० स्पीड लिहिलेली फिल्म २०० किंवा २५० समजून एक्सपोज करावी लागते. मायक्रोफेन उलटा, सावलीतून थोडं जास्त काढून देतो पण ग्रेन वाढतो. रोडिनालमध्ये धार मिळते, बदल्यात ग्रेन मोठा आणि सावली थोडी कमी. डी-७६ मध्यभागी बसलेला, कशातच पहिला नाही आणि कशातच नापास नाही, म्हणून तर इतकी वर्षं टिकला. एक्सटॉल १९९६ चा, क जीवनसत्त्वाच्या जातीतल्या रसायनावर आधारलेला, त्याने पांघरूण थोडं लांब केलं असं म्हणता येईल, स्पीड, ग्रेन, शार्पनेस तिन्हीत तो डी-७६ पेक्षा थोडा थोडा पुढे आहे. पण फरक थोडा थोडाच आहे, पोस्टकार्डएवढ्या प्रिंटमध्ये दोन्ही शेजारी ठेवले तर बहुतेकांना ओळखू येणार नाहीत.

शार्पनेसबद्दल जरा जास्त सांगतो कारण मला हा भाग फार सुंदर वाटतो. समजा फोटोत पांढऱ्या भिंतीला लागून काळं दार आहे. निगेटिव्हवर भिंतीच्या जागी डेव्हलपर भराभर काम करतो आणि थकतो, दाराच्या जागी त्याला काम नाही म्हणून तो ताजा असतो. सीमेवर ताजा डेव्हलपर थोडा भिंतीकडे झिरपतो आणि थकलेला दाराकडे. परिणाम असा की भिंतीची कड भिंतीपेक्षा जरा जास्त घट्ट होते आणि दाराची कड दारापेक्षा जरा जास्त कोरी. ती एक बारीक रेघ तयार होते आणि डोळा तिला धार समजतो. कॉम्प्युटरवर शार्पनिंगचं बटण जे करतं तेच हे, फक्त टँकमध्ये आपोआप. डेव्हलपर पातळ असेल आणि टँक कमी हलवला तर हा परिणाम वाढतो, कारण थकलेलं पाणी जागच्या जागी राहतं. घट्ट डेव्हलपर आणि सतत हलवणं असेल तर कमी होतो.

आधी फिल्म ठरवा

बाटलीआधी रोल. आणि रोल ठरतो तो तुम्ही कुठल्या उजेडात फोटो काढता आणि किती मोठा प्रिंट करता यावर.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मची ढोबळ दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीच्या कणांची, यात कोडॅक ट्राय-एक्स, इलफर्डच्या एचपी५ प्लस, एफपी४ प्लस, पॅन एफ प्लस, शिवाय केंटमियर आणि चेक बनावटीची फोमापॅन. यातले कण ओबडधोबड, वेगवेगळ्या आकाराचे. दुसरं घराणं चपट्या कणांचं, ज्याची सुरुवात कोडॅकने १९८० च्या दशकात केली: टी-मॅक्स, आणि त्याच वाटेवर इलफर्डची डेल्टा. चपटा कण तेवढ्याच चांदीत जास्त उजेड पकडतो, त्यामुळे त्याच स्पीडला ग्रेन बारीक मिळतो. टी-मॅक्स १०० चा ग्रेन तर साध्या एन्लार्जमेंटमध्ये शोधावा लागतो.

मग सगळे चपटीच का वापरत नाहीत? एक म्हणजे फोटोचं रूप वेगळं येतं, काही जणांना ते फार गुळगुळीत वाटतं. दुसरं, जास्त महत्त्वाचं, ही घराणी चुकीला सारखी माफी देत नाहीत. टी-मॅक्समध्ये डेव्हलपिंगची वेळ किंवा तापमान थोडं हललं की कॉन्ट्रास्ट लगेच हलतो. एचपी५ आणि ट्राय-एक्स यांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड दिला, पाणी एक-दोन अंश गरम झालं, तरी प्रिंट करण्याजोगी निगेटिव्ह हातात येते. पहिल्यांदा घरी धुणाऱ्याला मी डोळे झाकून हेच दोन सांगेन.

आणि रोल घेताना डबी नीट वाचा. इलफर्ड एक्सपी२ सुपर हीसुद्धा ब्लॅक अँड व्हाइट आहे पण ती रंगीत फिल्मच्या सी-४१ मध्ये धुण्यासाठी बनवलेली आहे, तिला वरचं काही लागू नाही. ऑर्थो फिल्म लाल रंग बघतच नाही, ओठ आणि लाल कपडे काळे येतात, कधी हेच हवं असतं, पण माहीत असून घ्यावं.

"पण डबीवर ३२०० लिहिलंय की!"

हा गोंधळ फार पसरलेला आहे. आयएसओ ही एक मोजणी आहे, ठरलेल्या पद्धतीने धुतल्यावर सावलीत ठरावीक काळेपणा यायला किती उजेड लागतो त्याची. त्या मोजणीने इलफर्ड डेल्टा ३२०० चा आयएसओ १००० आहे, इलफर्डच्या स्वतःच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं आहे. ३२०० हा आकडा म्हणजे कंपनी म्हणते की एवढ्यावर वापरा, आम्ही ही फिल्म जास्त वेळ धुवायला सोसेल अशी बनवली आहे.

यालाच पुश करणं म्हणतात. एचपी५ प्लस ४०० ऐवजी १६०० समजून वापरायची, म्हणजे दोन स्टॉप कमी उजेड द्यायचा, आणि टँकमध्ये जास्त वेळ ठेवायची. आयडी-११ पाण्यात न मिसळता वापरला तर ४०० ला २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात आणि १६०० ला चौदा. या जास्तीच्या वेळेत मधले टोन आणि उजळ भाग वर येतात, सावल्या मात्र बुडालेल्याच राहतात कारण तिथे उजेडच पोचला नव्हता. फोटो कडक, काळा-पांढरा, दाणेदार येतो. रंगमंच, रात्रीचा रस्ता, अशा ठिकाणी तो शोभतोही. पण फिल्मचा स्पीड चौपट झाला असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही, सावली देऊन बाकीचं विकत घेतलेलं असतं.

मग जोड्या कशा लावायच्या

थोडक्यात माझी पसंती. ४०० स्पीडची जुन्या पद्धतीची फिल्म असेल तर डी-७६ किंवा आयडी-११, १+१, आणि जिथे ग्रेन जरा कमी हवा तिथे एक्सटॉल. भर उजेडात ट्रायपॉडवर काढलेले पॅन एफ किंवा एफपी४ असतील तर रोडिनाल १+५० मजा आणतो, मुळात ग्रेन बारीक असल्यामुळे त्याचा मोठा ग्रेनही खुपत नाही आणि धार फुकट मिळते. रोडिनालमध्ये ३५ एमएमची ४०० ची फिल्म धुतली तर ग्रेन चांगलाच दिसेल, तो हवा असेल तरच करा. पुश करायचं असेल तर मायक्रोफेन किंवा डीडी-एक्स. चपट्या कणांच्या फिल्मला एक्सटॉल, डीडी-एक्स उत्तम.

महिन्याला एखादाच रोल होत असेल तर रसायनशास्त्रापेक्षा बाटलीचं आयुष्य महत्त्वाचं. डी-७६ आणि एक्सटॉल पावडर एकदा कालवली की गच्च भरलेल्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत सहा महिने, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोन महिने धरून चाला. एक्सटॉल पाच लिटरचं पाकीट आहे आणि खराब झाला तरी रंग बदलून सांगत नाही, हा त्याचा मोठा दोष. रोडिनाल वर्षानुवर्षं टिकतो, रंग गडद तपकिरी झाला तरी काम करतो, आणि दर वेळी काही मिलिलिटरच लागतो. क्वचित रोल धुणाऱ्याने तो ग्रेन सोसून रोडिनाल वापरला तर मी त्याला दोष देणार नाही.

डेव्हलपर जिवंत आहे का हे बघायची एक साधी खात्री आहे. कॅमेऱ्यात भरताना फिल्मचं जे टोक बाहेर असतं त्याचा इंचभर तुकडा कापा आणि खोलीतल्या उजेडातच डेव्हलपरच्या थेंबात बुडवा. काही मिनिटांत तो गडद काळा झाला पाहिजे. राखाडी होऊन थांबला तर ते पाणी ओतून द्या, रोल घालू नका. असाच दुसरा तुकडा फिक्सरमध्ये टाका, तो किती वेळात पारदर्शक होतो ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा, चपट्या कणांच्या फिल्मला तिप्पट.

"मी तर स्कॅनच करणार, मग काय फरक पडतो?"

पडतो, पण वेगळ्या जागी. कॉन्ट्रास्ट कॉम्प्युटरवर बदलता येतो हे खरं, त्यामुळे थोडी फिकी निगेटिव्ह स्कॅनसाठी बरीच असते. पण उजळ भाग फार घट्ट झाला असेल तर स्कॅनरचा उजेड त्यातून नीट पार होत नाही आणि तिथे नुसता खरखराट येतो. आणि सावलीचं तर आधीच सांगितलं, कोऱ्या पट्टीतून कुठलंही सॉफ्टवेअर काही काढत नाही. म्हणून स्कॅन करणाऱ्यांनी उजेड भरपूर द्यावा आणि डेव्हलपिंग जरा हात राखून करावं.

"एक तास तसंच ठेवून द्यायचं, टाइम बघायलाच नको, असं ऐकलंय"

याला स्टँड डेव्हलपिंग म्हणतात, बहुतेकदा रोडिनाल १+१०० मध्ये, सुरुवातीला थोडं हलवायचं आणि मग तासभर हात लावायचा नाही. उजळ भागातला डेव्हलपर थकून थांबतो, सावलीतला चालू राहतो, त्यामुळे फार कॉन्ट्रास्ट असलेल्या दृश्यात याचा उपयोग होतो. पण याला सगळ्या दुखण्यावरचं औषध समजू नका. पाणी स्थिर असलं की क्रियेतून निघालेलं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि फिल्मच्या भोकांपासून किंवा उजळ भागापासून पट्टे उमटतात, मोकळ्या आकाशात ते लगेच दिसतात. अर्ध्या तासाने एकदा हळूच टँक उलटा केला तर धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय ढगाळ, सपाट उजेडातला रोल यात आणखी सपाट होतो.

ब्रँडपेक्षा मोठी गोष्ट: पाणी किती गरम

लोक डी-७६ का एक्सटॉल यावर तासभर वाद घालतात आणि थर्मामीटर न लावता नळाचं पाणी ओततात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ट्राय-एक्स डी-७६ मध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांवर पावणेसात मिनिटं लागते, २४ अंशांवर पावणेपाच. फक्त चार अंशांत दोन मिनिटं. हा फरक दोन डेव्हलपरमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि पाच मिनिटांखालची वेळ धोक्याची, ओतण्यात-काढण्यात जे सेकंद जातात त्याने फिल्म असमान धुतली जाते. जिथे पाणी गरमच असतं तिथे १+१ करा, तीच ट्राय-एक्स २० अंशांवर पावणेदहा मिनिटांवर जाते, मग २४ अंशांसाठी वेळ कमी केली तरी हातात पुरेशी मिनिटं उरतात.

हलवणंही तसंच. इलफर्ड सांगतं पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटा करा आणि मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. कोडॅकची पद्धत दर तीस सेकंदांची. कुठलीही धरा पण दर रोलला तीच ठेवा, नाहीतर पुढे काय बदललं म्हणून काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही.

निगेटिव्ह स्वतः सांगते

रोल वाळला की खिडकीशी धरा. फोटो बघण्याआधी कडेला छापलेलं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर बघा. ही अक्षरं कारखान्यात उजेडाने उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही, त्यामुळे ती फक्त डेव्हलपिंगबद्दल सांगतात. अक्षरं ठळक काळी आहेत आणि फोटोत सावलीच्या जागा कोऱ्या आहेत, तर धुणं बरोबर झालंय, उजेड कमी पडलाय, पुढच्या वेळी उजेड मोजणारं मीटर एक स्टॉप खाली लावा, ४०० ची फिल्म २०० वर. अक्षरंच फिकी असतील तर वेळ, तापमान किंवा डेव्हलपर यांपैकी काहीतरी कमी पडलंय. सावलीत तपशील आहे पण आकाश इतकं घट्ट की त्यामागचं छापलेलं पान वाचता येत नाही, तर वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करा.

आणि हे करताना फिल्म तीच, डेव्हलपर तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं ते निगेटिव्हच्या कव्हरवर लिहा. एचपी५ आणि आयडी-११ ची जोडी अशी हातात बसली की मग रोडिनालची बाटली आणा, तेव्हा त्याचा ग्रेन आणि धार तुम्हाला स्वतःच्या निगेटिव्हवर दिसेल, आणि ती आवडली का नाही हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागणार नाही.